पंखा, मिक्सर, मोटार: दुरुस्तीचं काम शिकून घर चालेल का?



गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की कामांची नावं ठरलेली असतात. शेळ्या, शिलाई मशीन, पापड-शेवया, किराणा. यातलं एकही काम वाईट नाही. पण एका गावात सहा शिलाई मशीन झाल्या की सातवीला ब्लाउज मिळत नाही, हे आपण पाहिलंय. म्हणून या अंकात अशा एका कामाविषयी लिहायचं ठरवलं, ज्याच्यासाठी बैठकीत सहसा कुणी हात वर करत नाही. घरातली आणि शेतातली विजेवर चालणारी उपकरणं दुरुस्त करणं, हे ते काम.

आधी आपल्याच घरात नजर फिरवा. वीस वर्षांपूर्वी एक बल्ब आणि असला तर एक पंखा, एवढंच होतं. २०१७ साली सौभाग्य योजना आली आणि राहिलेल्या वाड्या-तांड्यांतही मीटर बसले. आज पंखे दोन, मिक्सर एक, टीव्ही, उन्हाळ्यात कूलर, इस्त्री, एलईडीचे चार-पाच बल्ब. पडवीत बॅटरीचा फवारणी पंप, विहिरीवर किंवा बोअरवर मोटार. आता यातलं काही बिघडलं तर आपण काय करतो? मिक्सर कापडात बांधायचा, इस्लापूरच्या बाजाराला न्यायचा. तिथं नाही जमलं तर किनवट नाहीतर हिमायतनगर. मोटार जळाली तर भोकर, नांदेडपर्यंत धाव. गाडीभाडं वेगळं, मजुरी बुडते ती वेगळी. आणि दुकानदार म्हणतो, "चार दिवसांनी या." म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. पन्नास-साठ रुपयांच्या सुट्या भागासाठी तीनशे रुपये जातात. कित्येक घरांत तर बंद मिक्सर फळीवर धूळ खात पडलेला असतो आणि बाई पुन्हा पाट्या-वरवंट्यावर.

गिऱ्हाईक आहे, बिघाडही आहे. माणूस तेवढा गावात नाही. ही जागा आपल्यातली कुणी घेऊ शकते का, हा या लेखाचा विषय.

"हे बायकांचं काम आहे का?"

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेते. हातपंपाचं उदाहरण बघू. आपल्या गावातला जो हातपंप, तो इंडिया मार्क २ जातीचा. तो घडला सत्तरच्या दशकात, आणि त्याच्यामागं सोलापूर आणि आपल्या मराठवाड्यातल्या जालन्याला तयार झालेल्या पंपांचा अनुभव होता. पंप चांगला होता, पण बिघडला की तालुक्याहून गाडी आणि मेकॅनिक येईपर्यंत बायका नदीवर. १९९०च्या सुमारास उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात, जो भाग आता चित्रकूट जिल्ह्यात आहे, महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि कोल आदिवासी बायकांनी हातपंपाची दुरुस्ती शिकून घेतली. बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. आधी लोक हसले. पाना घेऊन पंप खोलणारी बाई त्यांनी बघितलीच नव्हती. पण पंप चालू झाला, पाणी आलं, आणि हसणं बंद झालं.

राजस्थानात तिलोनिया गावचं बेअरफूट कॉलेज १९७२ पासून चालू आहे. तिथं कमी शिकलेल्या, वय झालेल्या बायकांना सहा महिन्यांत सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवतात. वायरला रंग असतात, भागांना आकार असतात. ते ओळखून शिकायचं. परदेशातल्या खेड्यांतल्या आज्याही तिथं येऊन शिकून गेल्या, ज्यांना ना हिंदी येत होती ना इंग्रजी.

अजून जवळचं बघा. राजस्थानातल्या डुंगरपूरला आदिवासी बायकांच्या बचत गटांच्या संघांनी मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं आधी सौर अभ्यास-दिवे जोडले, विकले, आणि बिघडलेले दुरुस्त केले. नंतर त्याच संघांच्या मालकीची सौर पॅनल बनवणारी कंपनी उभी राहिली. ते पाहून आपल्या महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठा गावी, उमेदच्या गटांतल्या बायकांनी सौर पॅनलचा कारखाना सहकारी संस्था करून सुरू केला. त्याही आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या गावच्या.

आणि लातूर-धाराशिव तर आपलं शेजारचं. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर तिथल्या बायकांनी घरबांधणीच्या कामावर देखरेख केली. पुढं त्याच भागातल्या सख्यांनी धूर न होणाऱ्या चुली आणि सौर दिवे गावोगाव विकले, वापरायला शिकवले. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते: नुसती वस्तू विकून कुणाचं भागलं नाही. वस्तू बिघडल्यावर जी परत गेली, तिच्यावर लोकांनी विश्वास टाकला.

काम नेमकं काय असतं

दुरुस्ती म्हणजे काहीतरी मोठं इंजिनिअरिंग, असं वाटतं. खरं तर घरात येणाऱ्या बिघाडांतले बहुतेक बिघाड मोजकेच असतात आणि पुन्हापुन्हा तेच येतात. डॉक्टरकडं जसे सर्दी-ताप-खोकल्याचे रुग्ण जास्त, तसंच.

छताचा पंखा घ्या. बटण दाबलं, पंखा गुणगुणतो पण फिरत नाही. काठीनं पातं ढकललं की हळूहळू फिरतो. असं झालं की बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. पंख्याच्या मोटारीत तारेचे दोन वेढे असतात. त्या दोघांत थोडं अंतर पाडून मोटारीला धक्का द्यायचं काम कपॅसिटर करतो. आपल्या घरच्या पंख्यात तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि तो आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. त्याच आकड्याचा नवा बसवायचा. पंखा हळू फिरत असेल तरी आधी कपॅसिटरच बघायचा, कारण जुना झाला की त्याची ताकद उतरते. खरखर आवाज येत असेल तर बेअरिंग. बऱ्याच पंख्यांत ६२०१ आणि ६२०२ नंबरचे असतात. आणि ना आवाज, ना हालचाल, एकदम मुडदा, तर वीजच पोचत नाही. मग बटण, रेग्युलेटर, वायरचा जोड असं वरून खाली तपासत यायचं. हे सगळं ठीक असेल तरच वेढ्यावर संशय घ्यायचा. नवख्या मिस्तरीचा कल उलटा असतो, तो आधी मोटार खोलून बसतो.

मिक्सर हे तर आपलंच राज्य. भांडं बसतं तिथं खाली जो दातेरी तुकडा असतो त्याला कपलर म्हणतात. तो मुद्दामच नरम केलेला असतो. भांडं अडकलं तर तो तुटावा, मोटार जळू नये. स्वस्तातला भाग, बसवायला पाच मिनिटं. मिक्सर एकदम बंद पडला तर खालच्या बाजूला लाल बटण असतं, जास्त ताण आला की ते स्वतःहून बाहेर येतं. थंड होऊ द्यायचा आणि दाबायचं. लोक एवढ्यासाठी सुद्धा मिक्सर दुकानात घेऊन येतात. मोटारीत ठिणग्या दिसत असतील, ताकद कमी झाली असेल, तर कार्बन झिजलेले असतात. ते जोडीनं बदलायचे. भांड्याच्या बुडातून पाणी गळत असेल तर बुश आणि रबर बदलायचं, आणि हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचं, कारण ते पाणी खाली मोटारीत उतरतं आणि आज पन्नास रुपयांत होणारं काम महिन्याभरानं पाचशेवर जातं. पुरुष मिस्तरीला विचारा, "चटणी वाटताना आवाज कसा बदलतो?" तो गप्प बसेल. रोज वापरणारीला आवाजावरून कळतं. ही आपली जमेची बाजू.

फवारणी पंपाचं काम आपल्याकडं हमखास, कारण कापूस, सोयाबीन, तूर प्रत्येक घरी. १२ व्होल्टची बॅटरी, चार्जिंगची खोबण, बटण आणि एक छोटा पंप एवढंच त्यात असतं. बॅटरी हंगाम संपल्यावर तशीच रिकामी ठेवली की मरते, हे लोकांना माहीत नसतं. जूनमध्ये पंप चालत नाही म्हणून रांग लागते. औषध अंगावर जाणार नाही म्हणून पंप आधी धुऊन आणायला सांगायचं, हातमोजे घालायचे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं हे काम हातात घेऊच नये.

इस्त्रीत दोर मानेजवळ तुटतो किंवा थर्मोस्टॅट जातो. कूलरमध्ये पाण्याची छोटी मोटार आणि कपॅसिटर. यावर फार लिहीत नाही, शिकताना आठवड्याभरात हातात बसतं.

एक वस्तू मात्र पहिल्या दिवशी बनवून घ्या. तिला सिरीज बोर्ड म्हणतात. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरात जुन्या पद्धतीचा तारेचा १०० वॉटचा बल्ब. एलईडी चालत नाही. आलेलं उपकरण थेट विजेला लावायचंच नाही, आधी या बोर्डावर लावायचं. बल्ब पूर्ण उजळला तर उपकरणात शॉर्ट आहे. मंद पेटला तर आत रस्ता आहे, काम पुढं नेता येईल. पेटलाच नाही तर कुठंतरी तार तुटलीय. फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, आणि शंभर रुपयांच्या बोर्डानं निम्मं निदान होतं.

मोटार वाइंडिंग हे पुढच्या पायरीचं काम, आणि खरं सांगायचं तर पैसा तिथं आहे. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीला तीन फेजपैकी एक गेली तरी ती ओढत राहते आणि जळते. व्होल्टेज कमी असलं तरी तेच. बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटार कोरडी चालली तरी तेच. जळालेली तार काढायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, तितकेच वेढे नव्यानं भरायचे, कागद घालायचा, वार्निश करायची. पाण्यातल्या सबमर्सिबल मोटारीची तार वेगळी, प्लॅस्टिकच्या आवरणाची. बसून, मोजून, चिकाटीनं करायचं काम आहे. वजन उचलायला मोटार आणणारा शेतकरी असतोच. पण हे महिन्याभराच्या प्रशिक्षणात पक्कं होत नाही. प्रशिक्षणानंतर सहा महिने तरी एखाद्या चालू दुकानात हाताखाली बसावं लागतं. जी हे करेल ती टिकेल.

आणि काय घ्यायचं नाही, तेही ऐका. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही. बंद करून प्लग काढला तरी त्यातला मोठा कपॅसिटर जीव घेऊ शकतो. फ्रिजचा गॅस भरायचा नाही. नव्या फ्रिजमध्ये बऱ्याचदा पेट घेणारा गॅस असतो, त्याचं वेगळं शिक्षण लागतं. महावितरणच्या खांबावर चढायचं नाही, मीटरला हात लावायचा नाही, कुणीही कितीही गळ घातली तरी. घरात नवी वायरिंग करणं हे परवाना असलेल्या तारतंत्रीचं काम आहे. उपकरण दुरुस्ती आणि वायरिंग यांत हा फरक आहे, तो गिऱ्हाइकालाही सांगा.

जिवाची गोष्ट

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. ती चूक माफ करत नाही. म्हणून काही गोष्टींत सवलत नाही. प्लग काढल्याशिवाय उपकरण उघडायचं नाही. नुसतं बटण बंद करून चालत नाही. गावाकडच्या बोर्डात बऱ्याचदा बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं आणि बंद असूनही आत वीज असते. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्यातली साठलेली वीज उतरवायची, ती कशी ते शिकवतात. ओले हात, ओली जमीन, अनवाणी पाय नको. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई. हातातल्या धातूच्या बांगड्या, गळ्यातलं लोंबतं मंगळसूत्र काम करताना पदरात किंवा ब्लाउजच्या आत. पदर खोचून, केस बांधून बसायचं, कारण फिरत्या मोटारीला पदर ओढायला क्षण लागत नाही. एकटीनं, घरात कुणी नसताना चालू उपकरणाची चाचणी घ्यायची नाही.

थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते, माहीत आहे? ती अर्थिंगची. लांब असते म्हणून आत जाताना आधी टेकते आणि निघताना शेवटी सुटते. बिघडलेल्या इस्त्रीच्या किंवा कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज तिच्यावाटे जमिनीत जाते. आपल्याकडं काय करतात? ती पिनच तोडतात, कारण घरातलं सॉकेट दोन छिद्रांचं. कूलरला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दुरुस्तीला आलेल्या उपकरणाची ती पिन तुटलेली असेल तर ती बदलूनच द्यायची. वीस-पंचवीस रुपये सोडावे लागले तरी चालतील.

कुणाला शॉक बसून चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीनं वायर बाजूला. श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करायचं आणि १०८ ला फोन. ही गोष्ट फक्त दुरुस्ती करणारीनं नाही, गटातल्या प्रत्येकीनं शिकावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविकेला गटाच्या बैठकीत बोलवा, ती दाखवेल.

शिकायचं कुठं

सगळ्यात सोयीची जागा म्हणजे आरसेटी, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. याचं मूळ कर्नाटकात उजिरे गावी १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेत आहे. तो नमुना चांगला चालला म्हणून आता देशभर जवळपास प्रत्येक जिल्ह्यात बँकेमार्फत अशी संस्था चालते, आपली नांदेडला. शिकणं फुकट, राहणं-जेवण फुकट, वय १८ पूर्ण हवं. घरगुती उपकरणं, मोटार वाइंडिंग, मोबाईल दुरुस्ती असे कोर्स या संस्थांत असतात, बहुतेक महिन्याभराचे. अडचण एवढीच की पुरेशी नावं जमली तरच त्या विषयाची तुकडी लागते. शिवणकामाला शंभर नावं येतात, मोटार वाइंडिंगला बायकांची दोन. म्हणून एकेकटीनं अर्ज करण्यापेक्षा प्रभागसंघानं पंधरा-वीस नावांची यादी करून पाठवावी. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं आणि बँकेशी जोडून देणं हे आरसेटीचं काम आहे, मेहेरबानी नाही. ते मागून घ्या.

ज्यांच्या मुली दहावीच्या आसपास आहेत, त्यांनी आयटीआयचा विचार करा. किनवटला शासकीय आयटीआय आहे. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे ट्रेड. वीजतंत्रीला दहावी लागते, तारतंत्रीला आठवी पास चालते. राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. वीजतंत्रीत त्या जागा भरत नाहीत म्हणून मुलांकडं जातात, असं बऱ्याच ठिकाणी होतं. कुठल्या संस्थेत कोणता ट्रेड, किती जागा, हे प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेत मिळतं. प्रवेश ऑनलाइन असतो, दहावीच्या निकालानंतर लगेच. पोरगी हुशार आहे म्हणून तिला फक्त बारावी-डीएड असं धरून बसू नका.

शाळेत कधी गेलाच नाहीत, तरी दार बंद नाही. केंद्र सरकारची जन शिक्षण संस्थानं निरक्षर आणि कमी शिकलेल्यांसाठीच आहेत. गोंड, कोलाम, आंध, प्रधान अशा आदिवासी समाजातल्या ताईंनी किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारावं. तिथं न्यूक्लिअस बजेटमधून प्रशिक्षण आणि साहित्यासाठी मदत होऊ शकते.

एक इशारा. "सात दिवसांत सर्टिफिकेट, फी दहा हजार, नोकरीची हमी" असं सांगत फिरणारे असतात. सात दिवसांत सर्टिफिकेट मिळेल, हात बसणार नाही. फी भरायच्या आधी त्यांच्याकडं शिकून गेलेल्या दोघींना भेटा. नाव-गाव द्यायला टाळाटाळ झाली की परत फिरा.

पैशाचा हिशोब

इथं गोड बोलून उपयोग नाही, कारण यात तुमच्या गटाचं कर्ज अडकणार आहे. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावात भाव विचारून बदलून घ्या.

टेस्टर, मल्टीमीटर, पक्कड, पाने, पेचकस, सोल्डरिंगचं साधन, सिरीज बोर्ड: चार-पाच हजार. कपॅसिटर, कपलर, कार्बन, बेअरिंग, दोर, प्लग असा सुट्या भागांचा साठा: आठ-दहा हजार. टेबल, फळ्या, पाटी आणि हातात थोडी रोकड धरून वीस हजारांत सुरुवात होते. समजा गटातून २०,००० रुपये घेतले, महिना एक टक्का व्याज, १८ महिन्यांत फेड. पहिला हप्ता मुद्दल १,१११ आणि व्याज २०० मिळून १,३११ रुपये. पुढं तो कमी होत जातो.

समजा महिन्याला ६० कामं आली आणि मजुरी सरासरी ८० रुपये. झाले ४,८००. सुट्या भागांवर सुटलेले १,५००. एकूण ६,३००. जागेचं भाडं, वीज, माल आणायला जाणं-येणं यात १,५०० गेले. राहिले ४,८००. हप्ता गेला की साडेतीन हजार. पहिल्या वर्षाचं हे चित्र आहे, आणि साठ कामं पहिल्या महिन्यापासून येणार नाहीत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वीस आली तरी चांगलं. म्हणून पहिल्या दिवशी मजुरी किंवा शेती सोडू नका. अर्धा दिवस हे, अर्धा दिवस ते. वाइंडिंग जमायला लागलं की गणित बदलतं, कारण एका मोटारीची मजुरी पाच-दहा पंख्यांइतकी होते.

मग याला स्थिर काम का म्हणायचं? कारण ते पावसावर अवलंबून नाही. मार्च ते जून पंखे, कूलर. जूनपासून फवारणी पंप. दसरा-दिवाळीला मिक्सर. नोव्हेंबरनंतर हरभरा-गव्हाच्या पाण्याला मोटारी. पीक गेलं त्या वर्षी तर दुरुस्ती वाढते, कारण नवी वस्तू कुणी घेत नाही. पण त्याच वर्षी उधारीही वाढते, आणि दुकान बसतं ते कामाच्या तुटवड्यानं नाही, उधारीनं. माझं मत स्पष्ट आहे: मजुरी एखादवेळी उधार चालेल, सुटा भाग कधीच नाही. भागाचे पैसे आधी घ्यायचे. चुलत सासरा असला तरी. हे बोलायला जड जातं, म्हणून पाटीवर लिहून ठेवा. पाटीला लाज नसते.

कर्जाच्या बाजूनं सांगायचं तर सुरुवात गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा ग्रामसंघाकडच्या समुदाय गुंतवणूक निधीतूनच करावी. दुकान वाढवताना मुद्रा कर्ज बघा. त्यातला शिशु प्रकार ५०,००० पर्यंत, तारण लागत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात.  अनुदानासाठी मोठा प्रकल्प कागदावर दाखवला आणि हप्ता डोक्यावर बसला, असं होऊ देऊ नका. आणि पीएम विश्वकर्माचा फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. २०२३ मध्ये आलेल्या त्या योजनेत शिंपी, कुंभार, सुतार असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. उपकरण दुरुस्ती त्यात नाही.

लोक येतील का

घरचे काय म्हणतील, हा खरा अडसर. "बाईमाणूस मोटारीला हात लावणार?" त्याला उत्तर म्हणून भाषण देऊ नका. आधी घरचा पंखा चालू करून दाखवा, मग जावेचा, मग गटातल्या बायकांचे मिक्सर. पहिली पंधरा कामं ओळखीच्यांचीच असतात. जागेचा प्रश्न असेल तर ग्रामसंघाच्या खोलीत आठवड्यातले ठरावीक दिवस बसता येतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करायची वेळ आली तर दोघींनी मिळून जावं. शक्य असेल तर दोघींनीच मिळून धंदा करावा; एक बाळंत झाली, एकीचं लेकरू आजारी पडलं, तरी दुकान उघडं राहतं.

आलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा: नाव, तारीख, काय बिघडलंय, किती सांगितले. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत दाखवा. दुसरं कुणी हे करत नाही, आणि याच एका गोष्टीवर आसपासच्या तीन गावांत तुमचं नाव होतं. वस्तू वॉरंटीत असेल तर उघडू नका. बिल शोधा म्हणावं आणि कंपनीच्या केंद्राकडं पाठवा. केंद्र सरकारनं २०२२ च्या अखेरीस 'राईट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलंय, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रं मिळतात. तो फोनवर उघडून देणं हीसुद्धा एक सेवाच.

पुढं काय बदलणार, तेही बघून ठेवा. साधा पंखा ७५ वॉट वीज खातो. नवे रिमोटवाले बीएलडीसी पंखे तिशीच्या आसपास. त्यात कपॅसिटरचा तो जुना बिघाड नाही, छोटा सर्किट बोर्ड बिघडतो. म्हणून सोल्डरिंग आणि मल्टीमीटर नीट शिका, नुसत्या पान्यावर दहा वर्षं जाणार नाहीत. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेतून आपल्या शिवारातही सौर पंप दिसतायत. पाच वर्षं त्यांची दुरुस्ती पुरवठादाराकडं आहे. त्यानंतर ती कुणाकडं येणार, याचा विचार आजपासून करायला हरकत नाही.

ज्यांना शिकायचंय त्यांनी पुढच्या बैठकीत आपल्या गटाच्या सचिवाकडं किंवा सीआरपी ताईंकडं नाव द्यावं. सोबत आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर, रेशन कार्ड, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स आणि चार फोटो. नावाशेजारी घरगुती उपकरणं की मोटार वाइंडिंग, हे लिहावं. आणि महिनाभर घराबाहेर राहायला जमेल की नाही, लेकरांकडं कोण बघेल, हे घरात बोलूनच नाव द्यावं. आठव्या दिवशी एखादी परत आली की तिची जागा वाया जाते, आणि ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही.